पाव मीटरची पिशवी

"शून्य कचरा शिवणकाम, शनिवार-रविवार, कापड आणि नाश्त्यासह ३,४०० रुपये." पुण्याच्या माझ्या धाकट्या जावेने ही जाहिरात मोबाइलवर पाठवली आणि खाली लिहिलं, "वहिनी, या. तुमचं नाव देऊन टाकलंय." पैसेही तिनेच भरले होते, म्हणजे नाही म्हणायची सोय उरली नव्हती. शुक्रवारी शाळा सुटल्यावर सांगलीहून एसटी धरली. पिशवीत माझी कात्री, टेप, खडू, टाचण्यांची डबी, आणि तपासायला घेतलेले नववीचे पेपर. पेपर जसे नेले तसेच परत आणले.

मी गणित शिकवते. शिवण हा माझा व्यवसाय नाही, पण लग्नात आईने दिलेल्या पायमशीनवर गेली सव्वीस वर्षं घरातले कुर्ते, परकर, उशांचे अभ्रे आणि दर वर्षी शाळेच्या गॅदरिंगचे पंचवीस-तीस झगे मीच शिवते. त्यामुळे हे परीक्षण नवशिक्या बाईचं नाही, आणि टेलरचंही नाही.

वर्गाचं नाव देत नाही. शिकवणारी मुलगी गुणी आहे आणि तिचं पहिलंच वर्ष आहे. शिवाय एकही चिंधी उरू न देता कुर्ता शिवायला शिकवणारे असे वर्ग आता गावोगाव निघालेत, ऑनलाइनही आहेत. त्यांत काय शिकवतात आणि काय सांगायचं राहून जातं, ते कळलं की पुरे.

जागा कोथरूडमधल्या एका बंगल्याची गच्चीलगतची खोली. उजेड भरपूर, वारा छान. आम्ही नऊ जणी, मशीन चार, इस्त्री एक. हा पहिला दोष लगेच नोंदवून ठेवते, कारण रविवारी दुपारी त्याने फार छळलं. पाच जणींनी उभं राहून चौघींच्या पाठी बघायच्या, हे ३,४०० रुपयांत बसत नाही. पोहे मात्र उत्तम होते, वर ओलं खोबरं आणि लिंबाची फोड.

शनिवारची सकाळ भिंतीवरच्या चित्रांत गेली. तयार कपड्यांच्या धंद्यात नुसतं कापतानाच साधारण १५ टक्के कापड वाया जातं असा अंदाज नेहमी सांगितला जातो, तो शिकवणारीनेही सांगितला. मग जपानी किमोनो. ३६-३८ सेंटिमीटर पन्ह्याचा, म्हणजे रुंदीचा, बारा मीटरच्या आसपास लांबीचा एक तागा घ्यायचा आणि त्याचे सगळे सरळ तुकडे करायचे: अंगाचे दोन, बाह्यांचे दोन, पुढच्या पट्ट्या दोन, गळ्याच्या दोन. आठ आयत, वाकडी कात्री कुठेच नाही. धुवायचा तर पूर्वी तो उसवायचे, तुकडे पुन्हा जोडून परत लांब तागा करायचे, धुऊन ताणून वाळवायचे आणि पुन्हा शिवायचे. मला हे माहीत नव्हतं, आणि त्या एका गोष्टीवर मी अर्धे पैसे माफ करायला तयार झाले. कापड कापल्यावरही तागाच राहतो, ही कल्पनाच केवढी सुंदर आहे.

त्यानंतर टोरांटोच्या रॉयल ओंटारिओ म्युझियममधल्या डोरोथी बर्नहॅम यांचं काम तिने दाखवलं. देशोदेशीचे जुने सदरे, अंगरखे उलगडून त्यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं, की कपड्याला आकार देण्यात मागाच्या रुंदीचा वाटा फार मोठा असतो. माग अरुंद तर कपडा पट्ट्यांचा, माग रुंद तर कपडा वेगळा. फिनलंडचे टिमो रिसानेन आणि न्यूझीलंडच्या हॉली मॅकक्विलन ही आजच्या काळात हे शास्त्र मांडणारी मंडळी, त्यांचे आराखडेही बघितले. एखाद्या कोड्यासारखे एकमेकांत अडकलेले तुकडे, मध्ये रिकामी जागा नाही. बघायला सुरेख. शिवायला धीर होणार नाही.

इथपर्यंत सगळं जपान, कॅनडा, फिनलंड. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक काकू बसल्या होत्या. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी कमरेचा मोठा हातरुमाल काढला, मध्ये दुमडला, एक कड चिमटीत धरली आणि म्हणाल्या, "ही एवढी शिवण घातली की कुंची झाली. मानेशी जरा चुण्या घ्यायच्या. यात कुठं काय वाया जातंय?"

खोलीत दोन क्षण शांतता. बाळाची कुंची आमच्यापैकी प्रत्येकीच्या घरात होती, आणि ती एका आयताची असते हे एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. एक लांबट तुकडा, एक घडी, एक शिवण. डोक्याला टोपी आणि पाठीवर पांघरूण एकदम. मग सगळ्यांच्याच जिभा सुटल्या. खणाची चोळी निघाली: कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाचा पन्हा अरुंद, काठ दोन्हीकडे, तो काठ बरोबर बाहीवर आला पाहिजे असं बेतायचं. चुडीदार निघाला: जुने शिंपी कापडाची तिरकी थैली शिवून घेत आणि त्यातून उरेब, म्हणजे तिरक्या कापाचे, पाय काढत, म्हणजे उरेब कापडही मिळे आणि कोपरेही वाया जात नसत. एकीने वाकळ काढली, एकीने आजोबांची बाराबंदी.

शिकवणारीचं कौतुक इथे करायला हवं. दुसरी कोणी असती तर "हो हो, आपल्याकडेही होतंच" म्हणून पुढच्या चित्रावर गेली असती. हिने काकूंना पुढे बोलावलं, "काकू, पुन्हा एकदा हळू करून दाखवता?" म्हणाली, आणि कुंचीचे फोटो काढले. पण मग पुढच्या वर्गात ही चित्रं किमोनोच्या आधी लाव, एवढं मी तिला चहाच्या वेळी सांगितलंच. माझी आई कापड 'कापते' असं कधी म्हणत नसे. ती 'बेतते' म्हणायची. "उद्या तुझं पोलकं बेतते." कात्री लावण्याआधी कापडाशी जो विचार करायचा त्याला आपल्याकडे स्वतंत्र क्रियापद आहे, आणि त्या दोन दिवसांत ते भिंतीवर एकदाही उमटलं नाही.

आता मूळ मुद्दा, कुर्ता.

शनिवारी दुपारी ब्राउन पेपरवर आराखडा. नऊ जणींनी मिळून तीसेक ताव तरी संपवले असतील, आणि संध्याकाळी ते गोळा होऊन कचऱ्याच्या टोपलीत गेले. शून्य कचऱ्याच्या वर्गात ती टोपली मला सारखी दिसत होती. रद्दी पेपरावर काय बिघडलं असतं?

आराखडा मात्र खरा हुशार आहे. तो नीट सांगते, कारण कुणाला घरी करायचा असेल तर इथूनच करता येईल. कापड ४४ इंच पन्ह्याचं, लांबी अडीच मीटर, म्हणजे ९८ इंचांना थोडं वर. माझी छाती ४०, कुर्त्याची उंची ४२. अंगाचा एकच पट्टा, खांद्याला जोड नाही: रुंदी २३ (२२ अधिक दोन्हीकडची अर्धा-अर्धा इंच शिवण), लांबी ८७ (पुढची उंची, मागची उंची, दोन्हीकडची दीड-दीड इंच दुमड). ४४ मधून २३ गेले, बाजूला २१ इंच रुंदीची ८७ इंच लांब पट्टी उरली. बाकी सगळा कुर्ता या पट्टीत. तिचे तुकडे असे: १६, १६, ३३ आणि २२. बेरीज करून बघा, ८७.

दोन सोळांच्या दोन बाह्या. तेहेतीसच्या तुकड्याचे उभे दोन भाग करायचे, साडेदहा इंच रुंदीचे. प्रत्येक भाग तिरका कापायचा, म्हणजे दोन-दोन कळ्या, घेर देणारे निमुळते तुकडे. चार कळ्या झाल्या, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. कात्री कोपऱ्यातून कोपऱ्यात जात नाही. वरच्या कडेवर कोपऱ्यापासून एक इंच आत सुरू करायची आणि खालच्या कडेवर समोरच्या कोपऱ्यापासून एक इंच आधी संपवायची. कळीचं एक टोक एक इंचाचं, दुसरं साडेनऊ इंचाचं. अरुंद टोक काखेकडे, रुंद टोक घेराकडे. उरलेल्या बावीसच्या तुकड्यातून काखेतले दोन चौकोन, ज्यांना शिंपी चौबगला म्हणतात, गळ्याची पट्टी आणि दोन खिसे.

चौबगल्याबद्दल दोन शब्द जास्त. अंग आणि बाही दोन्ही सरळ आयत असले तर हात वर करताच सगळा कुर्ता वर येतो आणि काखेत तुटतो. पाच इंचाचा एक चौकोन तिरका बसवला, की हात मोकळा. आताचे टेलर बाहीला गोलाई देऊन हे काम करतात, आणि त्या गोलाईच्या चार चंद्रकोरी चिंध्यांत जातात. मी स्वतः सव्वीस वर्षं चंद्रकोरी कापत आले. चौबगल्याचा कोपरा शिवणं मात्र किचकट आहे. सुई बरोबर शेवटच्या टाक्यावर रोवून कापड फिरवलं नाही तर तिथे चोच येते. माझ्या उजव्या काखेत ती आहे.

वर्गातला सर्वांत चांगला अर्धा तास आराखड्याच्या बाहेर घडला. एका ताईंची छाती ४८. अंगाचा पट्टा २७ चा घ्यावा तर बाजूला १७ उरतात, बाह्या तोकड्या होतात, सगळं गणित कोसळतं. तुकड्याला तुकडा अडकवून केलेल्या आराखड्यांचं हेच दुखणं असतं: एका मापाला बसतात, दुसऱ्याला सगळी मांडणी नव्याने. शिकवणारी पाच मिनिटं ओठ चावत उभी राहिली आणि मग तिने काहीच वाढवलं नाही. फक्त कळीची तिरकी रेघ सरकवली. वरून एक इंचाऐवजी तीन इंच, खाली साडेनवाऐवजी साडेसात. बेरीज साडेदहाच. कापड तेवढंच, लांबी तेवढीच. घेर थोडा कमी झाला आणि छातीला शिवणी वजा जाता प्रत्येक कळीचे दोन इंच वाढले, चार कळ्यांचे आठ. चौकोन पाचाऐवजी सहाचा केला. झालं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि मी वाजवल्याही, त्या ताई जरा ओशाळल्या.

पण याच आराखड्यात एक गोष्ट मला शनिवारी रात्रीपासून टोचत होती. अंगाचा पट्टा ८७ इंच, कापड ९८. वरच्या ११ इंचांचं काय? तर ४४ बाय ११ ची ती आडवी पट्टी म्हणजे 'भाजीची पिशवी'. रविवारी प्रत्येकीने शेवटी ती शिवली, कुर्ता आणि पिशवी हातात धरून सामूहिक फोटो झाला, "एकही चिंधी नाही!"

पुण्याहून आल्यावर मी स्वयंपाकघरातला वजनकाटा शिवणाच्या टेबलावर आणला. घरात हसले. हसू देत. माझ्या नेहमीच्या पद्धतीने, गोल बाही आणि बाजूला चीर असा कुर्ता मी त्याच जातीच्या सुती कापडातून सव्वादोन मीटरमध्ये काढते. गेल्या महिन्यात असाच एक शिवला होता आणि त्याची कातरण पिशवीत तशीच होती: ४७ ग्रॅम. सव्वादोन मीटर कापडाचं वजन साधारण ३०० ग्रॅम, म्हणजे साडेपंधरा टक्के. तो नेहमी सांगितला जाणारा आकडा माझ्या घरीच सापडला. वर्गातल्या कुर्त्याची कातरण मी रुमालात बांधून आणली होती: ११ ग्रॅम. म्हणजे ३६ ग्रॅम वाचले. आणि त्यासाठी पाव मीटर कापड जास्त घेतलं. पाव मीटरचं वजन? ३४ ग्रॅम.

चौतीस ग्रॅम जास्तीचं विकत घेऊन छत्तीस ग्रॅम वाचवले. आणि ते चौतीस ग्रॅम म्हणजेच ती भाजीची पिशवी. माझ्याकडे पिशव्या आधीच अठरा आहेत. त्याच वर्गातल्या आठ जणींकडेही असणार. चिंधी उरू नये म्हणून नको असलेली वस्तू शिवली, तर ती चिंधीच आहे. फक्त तिला बंद लावलेत.

हे मी शिकवणारीला फोनवर सांगितलं. ती चिडली नाही. म्हणाली, "ताई, पिशवी केली नाही तर लोकांना शून्य दिसत नाही हो." खरं बोलली. पण पन्ह्याशी झगडा करायचा तो टेबलावर नाही, दुकानात, कापड फाडायला सांगायच्या आधी. अडीच मीटर की सव्वादोन हे जिथे ठरतं तिथेच कचरा ठरतो. एवढं एक वाक्य त्या दोन दिवसांत कुणी बोललं असतं तर हे परीक्षण साडेचार ताऱ्यांचं झालं असतं. सध्या साडेतीन.

अर्ध्या ताऱ्याची कपात कोऱ्या कापडासाठी. दिलेलं कापड धुतलेलं नव्हतं. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं हे आईने मला कात्री हातात देण्याआधी सांगितलं होतं. नेहमीच्या कुर्त्यात निदान आत दाब, म्हणजे शिवणीत ठेवलेलं जास्तीचं कापड, असतो, थोडं सोडता येतं. इथे दाब नाही, सगळं इंच-इंच मोजलेलं. पहिल्या धुण्यात माझा कुर्ता उंचीला दीड इंच आटला. आदल्या रात्री बादलीत भिजत घाला एवढाच निरोप पाठवायचा होता.

घेराचंही तसंच. कळीची तिरकी कड ओघळते. म्हणून खालची दुमड घालण्याआधी कुर्ता एक रात्र हँगरला टांगून ठेवायचा आणि मग खालून सारखा करायचा. दोन दिवसांच्या वर्गात रात्र एकच आणि ती कापण्याच्या आधी येते. माझ्या कुर्त्याचे दोन्ही बाजूंचे कोपरे आता अर्धा इंच खाली लोंबतात. सवलत म्हणून सांगते, चालताना ते बरे दिसतात.

आणि ओव्हरलॉक. शिवणी साफ करायला तिने ओव्हरलॉक मशीन ठेवलं होतं, आणि ते मशीन शिवता शिवता कड छाटत जातं. माझ्या अकरा ग्रॅमपैकी बहुतेक भाग त्या छाटलेल्या बारीक पट्ट्यांचा होता. गळ्याचा तुकडा दीड-दोन ग्रॅमचाच. अर्धा इंच शिवण सोडलेली असताना फ्रेंच शिवण सहज बसते: आधी सुलट बाजूने बारीक टीप, मग उलटवून दुसरी, कच्ची कड आतच बंद. वेळ दुप्पट लागतो, खरं. पण घाई कशाची होती? पिशवी शिवायची होती, त्याची.

माझ्या जावेची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर्गात स्वतःचं कापड आणायला परवानगी होती, म्हणून सुजाताने लक्ष्मी रोडवरून हौसेने हत्तींच्या छापाचं कापड आणलं होतं. निळ्या जमिनीवर पांढरे हत्ती, सोंड वर. अंगाचा पट्टा अखंड, खांद्याला जोड नाही, हे आठवा. पुढचे हत्ती चालत आले आणि खांद्यावरून पाठीवर गेल्यावर सगळे पाय वर करून आडवे झाले. मशीनवर शेवटची टीप घालून तिने कुर्ता झटकला, अंगाला लावला आणि आरशात वळली. "वहिनी, माझे हत्ती मेले का हो?" नऊही जणी हसल्या, शिकवणारी सोडून. तिने खांद्याला जोड देऊन मागचा भाग उलटा फिरवायचं सुचवलं, पण मग शिवणीला जागा कुठून आणायची? इंच शिल्लकच नव्हता. असा आराखडा करायचा तर कापड एकरंगी, चौकड्याचं किंवा बारीक बुट्टीचं घ्या. ज्या छापाला डोकं आणि पाय आहेत तो नको. सुजाता तो कुर्ता घरी घालते, आणि दाराची बेल वाजली की ओढणी घेते.

बसण्याबद्दल. हा कुर्ता अंगासरशी बसणारा नाही. पट्टा २२ इंच रुंद, माझा खांदा १५; त्यामुळे बाहीची शिवण खांद्यावर न येता दंडावर साडेतीन इंच उतरते आणि बाही मनगटाच्याही पुढे जाते. मी दुमडून घेतली. जुन्या कळीदार कुर्त्यात मधला पट्टा खांद्याएवढा अरुंद असायचा आणि रुंदी कळ्या द्यायच्या, तो जास्त डौलदार दिसतो; वर्गातला आराखडा ४४ पन्ह्यासाठी सोपा केलेला आहे. उन्हाळ्यात, घरी, प्रवासात उत्तम. लग्नाला घालून गेलात तर कुणीतरी नक्की विचारेल, बरं नाहीये का. ज्यांना कमरेत टक घातलेले कुर्ते आवडतात त्यांनी जाऊच नये. टक आणि गोलाई नको असेल तरच हे गणित सुटतं.

काठाची एक लहान तक्रार. बाहीच्या टोकाला दुमड न घालता कापडाची मूळ किनारच ठेवा, असं शिकवणारीने सुचवलं. कल्पना चांगली, आणि हातमागाच्या कापडाला शोभेलही. पण गिरणीत प्रक्रिया झालेल्या कापडाच्या किनारीला सारख्या अंतरावर टाचण्यांची बारीक भोकं असतात. इचलकरंजी आमच्यापासून जवळ, तिथलं कापड मी वर्षानुवर्षं घेते, ती भोकं ओळखीची आहेत. मनगटाशी ती दिसली की कुर्ता अर्धवट राहिल्यासारखा वाटतो. मी नंतर पाव इंच दुमडून हाताने तुरपाई केली.

कातरण म्हणजे कचराच, असं वर्गात बोललं गेलं, त्यावर माझं एकच म्हणणं आहे. आमच्या घरी सुती कातरण आजही टाकली जात नाही. सासूबाईंच्या खाटेखाली गाठोडं आहे, त्यातून वाकळेला ठिगळं निघतात, उशीत भरण जाते, उरलेलं पायपुसण्याला. त्या हिशोबाने माझे ४७ ग्रॅमही कचरा नव्हते. घंटागाडीत जाते ती आमच्या कोपऱ्यावरच्या टेलरकडची कातरण, आणि त्यात बहुतेक टेरिकॉट-पॉलिस्टर. ती ना पुसायला कामाची, ना वाकळेत टिकायला. शून्य कचऱ्याचा आराखडा खरा लागतो तो तिथे, जिथे एकाच मापाचे पन्नास कपडे निघतात. घरच्या शिवणात त्याचा फायदा वेगळा आहे: घेतलेलं सगळं कापड कामी येतं. म्हणजे, येऊ शकतं.

कारण मी नंतर तो कुर्ता सव्वादोन मीटरमध्ये काढला. सव्वादोन मीटर म्हणजे साडेअठ्ठ्याऐंशी इंच. पट्टा ८७ चा. दीड इंच हातात. आदल्या रात्री कापड बादलीत, सकाळी तारेवर, दुपारी इस्त्री. आटून ते पावणेसत्त्याऐंशीला आलं, तेव्हा एका बाजूची दुमड पाव इंच कमी केली. बाजूच्या पट्टीचे तेच तुकडे, १६, १६, ३३, फक्त बावीसचा पावणेबावीस. पिशवी नाही. फ्रेंच शिवण. एक रात्र टांगणीवर. गळ्याचा निघालेला तुकडा खिशाच्या तोंडाला आतून लावला. टेबल झाडून सगळं काट्यावर ठेवलं: ४ ग्रॅम, तेही दोऱ्यांसकट. ही मांडणी मला एकटीला सुचली नसती. ती त्या मुलीची आहे, आणि म्हणून तक्रारी बाजूला ठेवून सांगते की वर्गाला जा. जाताना स्वतःचं धुतलेलं कापड न्या, एकरंगी न्या, सव्वादोन मीटरच न्या, आणि पिशवीची वेळ झाली की खाली जाऊन चहा प्या.

दुसरा कुर्ता घालून मी सोमवारी शाळेत गेले. नववी 'ब'ला क्षेत्रफळाचा धडा चालू होता, म्हणून फळ्यावर ४४ बाय ८७ चा आयत काढला आणि सगळे तुकडे मांडायला लावले. अंग, बाह्या, कळ्या जमल्या. मागच्या बाकावरून एकाने हात वर केला. "मॅडम, बावीसच्या तुकड्याचं तुम्ही काय केलंत?"

मी खडू खिशात टाकला.